नऊ नंबरचा रॉड

फ्लाय फिशिंगच्या सामानाविषयी जे लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा एक गोष्ट धरूनच चाललेली असते: वाचकाकडे पैसे आहेत, ते कुठे खर्च करायचे एवढाच प्रश्न आहे. उष्ण समुद्रावर मासेमारीला निघालेल्या माणसाच्या यादीत मग तीन रॉड, तीन रील, चार प्रकारच्या दोऱ्या आणि दोनशे फ्लाय सहज येऊन बसतात. मी मालदीवला जायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे सामानासाठी ५० हजार रुपये होते, अधू झालेला उजवा खांदा होता, आणि घरात मामू होते. वय ७९. मिरकरवाड्यात चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवलेले. माझं सामान या तिघांनी मिळून ठरवलं. ते कसं, हे लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी हा प्रकार काय असतो ते सांगतो. आपल्याकडे गरवायला जाणारा माणूस गळाला आमिष लावतो, वर शिशाचा तुकडा बांधतो आणि भिरकावतो. शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसतं. गळावर पिसं, केस, धागे गुंडाळून कोळंबीसारखं, चिंबोरीसारखं किंवा बारक्या माशासारखं काहीतरी बनवलेलं असतं. त्याला 'फ्लाय' म्हणतात. फ्लायला फारसं वजन नसतं, म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. लेप दिलेली ती जाड दोरी हवेत मागेपुढे खेळवायची, रॉडला बाक आणायचा आणि सोडायचं. दोरी फ्लायला आपल्यामागे ओढत नेते. ज्याने कधी पाग टाकला आहे त्याला हे लवकर समजतं. तिथेही जोर करून भागत नाही, नेमक्या वेळी हात सुटावा लागतो.

रॉडला नंबर असतो आणि तो दोरीच्या वजनावरून ठरतो. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन धरतात. सहा नंबरचं १६० ग्रेन, म्हणजे साधारण १०.४ ग्रॅम. आठ नंबरचं २१० ग्रेन, म्हणजे १३.६ ग्रॅम. नऊचं २४० ग्रेन, म्हणजे १५.५ ग्रॅम. बाराचं ३८० ग्रेन, म्हणजे २४.६ ग्रॅम. वाचताना हे आकडे किरकोळ वाटतात. पण समोरून वारा आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहून दिवसातून दोनशे वेळा हात फिरवायचा आहे, असं मनात आणलं की नऊ आणि बारा यांतला फरक थेट खांद्यात जाणवतो.

नदीवर वापरायला माझ्याकडे एका मित्राने दिलेला सहा नंबरचा रॉड होता. तो समुद्रावर चालणार नव्हता. समुद्रावरचा वारा हलक्या दोरीला मानत नाही, आणि तिथला मासा हलक्या रॉडला मानत नाही. म्हणजे सुरुवात शून्यापासून होती.

मालदीव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाण्यावरच्या झोपड्या आणि नवविवाहित जोडपी येतात. तो मालदीव मला परवडणारा नव्हता. माझा भाचा तिथल्या एका वस्तीच्या बेटावर शाळेत शिकवतो. मालदीवच्या शाळांतून भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत. राहण्याची सोय त्याच्याकडे होती आणि तिकिटाचे पैसे वेगळे काढलेले होते. देश सुमारे १,२०० बेटांचा, माणसं राहतात ती त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर. प्रवाळाच्या कड्यात अडकलेला उथळ, पाचूसारखा समुद्र, त्याला जगभर 'अ‍ॅटोल' म्हणतात. तो शब्दच मुळी तिथल्या धिवेही भाषेतून गेलेला आहे. धिवेही आपल्या मराठीच्याच दूरच्या कुळातली. तिथे माशाला 'मस' म्हणतात, हे भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मामू म्हणाले, "म्हणजे आपलेच लोक."

नातं तसं जुनं आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात, १३४३-४४च्या सुमारास, याच बेटांवर काझी होता. आपण 'कवडीमोल' म्हणतो, 'फुटकी कवडी' म्हणतो, त्या कवड्याही शतकानुशतकं मोठ्या प्रमाणावर मालदीवमधूनच हिंदुस्थानात येत होत्या.

तिथल्या उथळ पाण्यात फ्लाय घेऊन जाणारा माणूस मुख्यतः तीन माशांच्या मागे असतो. पहिला जायंट ट्रेव्हली. या माशाचा जागतिक विक्रम ७२.८ किलोंचा आहे, २००६ साली जपानमध्ये पकडलेला. उथळ पाण्यात येणारे एवढे नसतात, पण दहा-पंधरा किलोंचा मासासुद्धा प्रवाळाकडे धावला की दोरी सुतासारखी तुटते. त्याला बारा नंबरचा रॉड लागतो आणि पुढे शंभर पौंडांहून जास्त ताकदीचा लीडर. दुसरा ब्लूफिन ट्रेव्हली, त्याच कुळातला, आकाराने लहान, पंखांवर निळी झाक. त्याला आठ-नऊ नंबर पुरतो. तिसरा टायटन ट्रिगरफिश. उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून खेकडे फोडत फिरतो. त्याचे दात माणसासारखे दिसतात आणि हलका गळ ते चुरून टाकतात. त्याला नऊ किंवा दहा.

तिन्ही मासे हवेत तर दोन रॉड, दोन रील, दोन दोऱ्या. ५० हजारांत दोन जोड्या येतात, पण दोन्ही कच्च्या येतात. अमेरिकन बनावटीचा नामांकित नवा रॉड एकटाच हजार डॉलरच्या घरात जातो. तो विचार मी केलाच नाही. माझे पैसे निवृत्तीनंतर हातात आलेले, घराची कौलं बदलून आणि अम्मांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून उरलेले होते. बायकोने कुरकुर केली नाही. तिने एवढंच विचारलं, "हे सामान पुन्हा किती वेळा वापरणार?" हा प्रश्न मला कुठल्याही तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडला. बारा नंबरचा रॉड रत्नागिरीला परतल्यावर कोपऱ्यात पडून राहिला असता. नऊ नंबर भाट्याच्या खाडीच्या तोंडावरही चालतो, तांबोशीलाही चालतो.

खांद्याचंही तेच म्हणणं होतं. बारा नंबर मी तासभर फिरवू शकलो असतो, सहा दिवस नाही.

तेव्हा जायंट ट्रेव्हली यादीतून काढला. सामान निवडताना आपण काय विकत घेतो त्याकडेच लक्ष असतं. पण खरा निर्णय असतो तो कोणत्या माशाच्या मागे जायचं नाही याचा. तो एकदा झाला की बाकीचं सोपं होतं.

आता हिशेब. रॉड नऊ फुटांचा, चार तुकड्यांचा, मधल्या किमतीचा: १६ हजार. चार तुकड्यांचा अशासाठी की तो बॅगेत मावतो. रील १३ हजार. दोरी साडेसात हजार. लीडर आणि टिपेटचे गुंडाळे तीन हजार. पाण्यात चालायचे बूट साडेतीन हजार. पोलराइज्ड चष्मा चार हजार. गळ आणि फ्लाय बांधायचं सामान तीन हजार.

रील जवळजवळ रॉडच्या किमतीची कशी, असं कुणालाही वाटेल. नदीवर रील म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी; मासा हातानेच ओढता येतो. समुद्रात मासा एका दमात शंभर मीटर पळतो. तेव्हा त्याला थांबवणारी एकच गोष्ट असते, रीलचा ब्रेक. तो सलग, न अडखळता चालला पाहिजे. एकदा जरी अडकला तरी लीडर तुटतो. आणि तो बंदिस्त हवा, आत खारं पाणी आणि वाळू जाता कामा नये. रीलचा मधला गाभा मोठा हवा, म्हणजे एका फेरीत जास्त दोरी आत येते. दोरीच्या मागे दोनशे यार्ड बॅकिंग मावलं पाहिजे, म्हणजे सुमारे १८० मीटर. मी रील मामूंच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने दोरी ओढून पाहिली, ब्रेक आवळला, पुन्हा ओढली, कानाजवळ नेली. म्हणाले, "आवाज सरळ आहे. घे."

दोरीचं गणित मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. थंड पाण्यासाठी केलेली दोरी उष्ण देशात मऊ पडते. उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी लिबलिबीत होते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकत नाही. उष्ण पाण्यासाठीच्या दोरीचा गाभा कडक असतो, वरचा लेपही कडक. तीच दोरी थंड पाण्यात नेली तर स्प्रिंगसारखी वेटोळी घालते. म्हणून दोरीच्या डब्यावर कुठल्या हवामानासाठी आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक: डासांच्या काही मलमांमध्ये डीट नावाचं रसायन असतं, ते दोरीचा लेप खातं. मलम लावलं तर हात धुतल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही.

लीडर म्हणजे दोरी आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक धागा. मी फ्लुरोकार्बन घेतला, २० पौंडांचा. तो बुडतो, प्रवाळावर घासला तरी नायलॉनपेक्षा जास्त टिकतो आणि पाण्यात कमी दिसतो.

फ्लाय मी घरीच बांधल्या. सगळ्यात उपयोगी क्लाउजर मिनो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउजरने ती १९८०च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी बनवली आणि आज ती जगातल्या सगळ्या समुद्रांवर चालते. गळाच्या दांड्यावर धातूचे दोन डोळे बांधलेले असतात. त्यांच्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं, म्हणून प्रवाळात कमी अडकतो. तिला हरणाच्या शेपटीचे केस लागतात. माझ्याकडे बकरी ईदच्या बकऱ्याच्या शेपटीचे पांढरे केस होते, धुऊन ठेवलेले. त्यांनी काम छान भागलं. पिसं कोंबडीवाल्याने फुकट दिली. त्याला वाटलं, नातवाच्या शाळेचं काही असेल.

खेकड्याच्या फ्लायला गळ मात्र मी जाड आणि महाग घेतले, ट्रिगरफिशच्या दातांसाठी.

महिनाभर फज्रनंतर भाट्याच्या किनाऱ्यावर सराव केला. फिरायला येणारे लोक थांबून बघायचे. एका गृहस्थांनी विचारलं, "दोरी सुकवताय काय?" हो म्हणालो. समजावत बसलो असतो तर भरती आली असती.

मामू मात्र गप्प बसणारे नव्हते. एका संध्याकाळी मी पक्कड घेऊन एकेका गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करत होतो. त्यांनी विचारलं, हे काय. म्हणालो, मासा सोडताना गळ पटकन निघतो, जखम होत नाही.

"सोडणार?"

"हो."

"सोडायचाच तर धरायचा कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिभेवर होती ती सगळी उत्तरं दुसऱ्यांची होती. आमच्या घरात तीन पिढ्यांनी मासा धरला तो खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी. करमणुकीसाठी जीव हलाल करू नये, आणि छळू तर मुळीच नये, हे लहानपणी मदरशात शिकलो आणि त्याआधी घरात. मामूंनी मिरकरवाड्यात पर्ससीनच्या बोटींनी ओतलेले माशांचे ढीग पाहिले होते आणि त्यावर त्यांचं मतही कडक होतं. पण तो व्यवहार होता. माझं काय होतं?

त्या रात्री मी यादी पुन्हा वाचली ती याच प्रश्नासाठी. आणि लक्षात आलं की सामानाचे अर्धे नियम माशाच्या जिवाशी बांधलेले आहेत. हलका रॉड आणि बारीक धागा घेऊन मोठा मासा खेळवणं ही काही लोक बहादुरी समजतात. पण मासा जितका वेळ झुंजतो तितका तो थकतो, त्याच्या रक्तात आम्ल साठतं, आणि सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो किंवा शार्कच्या तोंडी जातो. मालदीवने २०१० साली शार्कची मासेमारी बंद केली, त्यामुळे तिथे शार्क भरपूर आहेत. जाड लीडर, दमदार ब्रेक, माशाला साजेसा रॉड, बिनकाट्याचा गळ, या सगळ्याचा अर्थ झुंज लवकर संपवणं. मी सकाळी मामूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग मोठा मासा आला आणि तुझ्याकडे छोटी काठी असली तर?"

"टाकणार नाही."

"बघू," म्हणाले.

जानेवारीत गेलो. तिथे तो ईशान्येच्या वाऱ्याचा, कोरडा मोसम असतो. त्याला 'इरुवइ' म्हणतात. गळ, पक्कड, कात्री चेक-इनच्या बॅगेत टाकली. रॉड मात्र विमान कंपनीला आधी विचारून हातात नेला. पहिल्या सकाळी भाच्याच्या घरी 'मस हुनी' खाल्लं, म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि रोटी. मग ओहोटीला पाण्यात उतरलो. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेला वाघोळी मासा आधीच सरकतो. बुटाचा तळ जाड हवा तो दगडमाशासाठी. तांबूस काचेचा चष्मा नसता तर मला पाण्याखालचं काहीच दिसलं नसतं; चार हजारांतला एकही रुपया वाया गेला नाही.

ट्रिगरफिशने दोन दिवस मला नाकारलं. खेकडा त्याच्या पुढ्यात पडायचा, तो यायचा, तिरक्या डोळ्याने बघायचा आणि वळायचा. तिसऱ्या दिवशी एकाने तोंडात घेतला. इथे नदीची सवय सोडावी लागते. रॉड वर झटकायचा नाही. डाव्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची, म्हणजे गळ रुततो. रुतला. मासा थेट प्रवाळाच्या भोकात शिरला आणि लीडर कापून मोकळा झाला. चौथ्या दिवशी एक ब्लूफिन मिळाला, दोनेक किलोंचा. काही मिनिटांत हाताशी आला. पाण्याबाहेर न काढता गळ फिरवला, सुटला. निळे पंख पाण्यात विरघळल्यासारखे दिसेनासे झाले.

पाचव्या दिवशी जायंट ट्रेव्हली आला. एका मोठ्या वाघोळीच्या पाठीवर, तिच्या सावलीसारखा पोहत. हे ट्रेव्हली असं करतात. वाघोळी वाळू उकरते, त्यातून निसटणारं हे खातात. गर्द, जवळजवळ काळा, माझ्या मांडीएवढा लांब नव्हे, त्याहून मोठा. तीस पावलांवर. माझा हात दोरीवर होता. वारा पाठीमागून होता. एवढी सोपी फेक त्या सहा दिवसांत दुसरी आली नाही. भाचा शेजारून हळूच म्हणाला, "मामू, टाका."

हातात नऊ नंबर होता आणि पुढे २० पौंडांचा धागा. तो मासा तोडून गेला असता तर तोंडात गळ आणि मागे धागा घेऊन गेला असता. न तोडता आला असता तर अर्ध्या तासाने मेल्यासारखा आला असता. मी उभा राहिलो. वाघोळी खोल पाण्याकडे वळली, तो तिच्याबरोबर गेला. बरं वाटलं असं लिहिणार नाही. पोटात खड्डा पडला, आणि तो संध्याकाळपर्यंत होता.

शेवटच्या रात्री भाच्याच्या शेजाऱ्यांबरोबर धोणीतून गेलो. त्यांच्याकडे रॉड नव्हता, रील नव्हती. नुसती दोरी बोटावर, शिसं आणि टूनाचा तुकडा. टूना तर ते लोक आजही काठी-दोरीनेच, एकेक करून धरतात, जाळ्याने नाही. दोन तासांत सहा जणांच्या जेवणापुरते मासे झाले. घरी 'गरुधिया' शिजली, म्हणजे माशाचं साधं पातळ सार, वर लिंबू आणि मिरची. मला ती चव मामूंच्या बोटीवरच्या कालवणाची वाटली.

परतल्यावर मामूंना सगळं सांगितलं, न टाकलेल्या फेकीसकट. त्यांनी माशाची लांबी हाताने दाखवायला लावली. मग म्हणाले, "नाही टाकलीस ते बरं केलंस. पण माझा प्रश्न अजून आहे." तो माझाही आहे. बिनकाट्याचा गळ आणि जाड धागा त्याचं ओझं कमी करतात, उत्तर देत नाहीत. ज्याला जायचं आहे त्याला मी एवढंच सांगेन की हा प्रश्न सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा. रॉडचा नंबर, धाग्याची जाडी, गळाचा काटा, यांतलं पुष्कळसं त्यानेच ठरतं.

तोवर मामूंनी रील मागून घेतली होती. मी ती रोज गोड्या पाण्याने धुतली होती, तरी त्यांनी पुन्हा बादलीत बुडवली, फडक्याने पुसली, आणि ब्रेक पूर्ण सैल केला. "आवळून ठेवलास तर आतली चकती दबून राहते," म्हणाले, "आणि रविवारी भाट्याला ओहोटी सकाळी आहे."